पहिल्याच पानावर मन वाचू नकोस

तुझ्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातच तुझी सोळा वर्षांची नायिका सगळ्यांची मनं वाचायला लागली, तर वाचकाने पुढे काय वाचायचं? शक्ती अर्धवट दे, ऐनवेळी दगा देणारी. (माझ्या पहिल्या हिरोला सगळंच आधी कळायचं, पाचव्या प्रकरणात कथा आटोपली!) त्यापेक्षा शेजारच्या बाकावरची मैत्रीण हसत ‘पेपर मस्त गेला’ म्हणते आणि हिला आतलं रडू ऐकू येतं. बोलावं की गप्प बसावं? सोळाव्या वर्षी भुतापेक्षा हे अवघड. तिच्या शक्तीच्या चाचणीचा प्रसंग हवाच असेल तर १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वापरलेले झेनर पत्ते घे: २५ पत्ते, ५ चिन्हं, पत्ता न बघता चिन्ह ओळखायचं; नुसत्या अंदाजाने सरासरी ५ बरोबर. तिचे ९ येऊ देत, २५ नकोत. आणि मन वाचताना तिचे डोळे चमकतात, तेवढं काढ बाई.