ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान स्थानिक स्वच्छता आणि संवर्धनाच्या कामात नेमकं काय करू शकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅक, टेंट, बूट, रोप (चढाईचे दोर) विकणारं छोटं दुकान आहे, आसपासचे गट स्वच्छता मोहीम किंवा पायवाट दुरुस्तीसाठी प्रायोजक व्हा म्हणतात, आणि बॅनर-टीशर्टापलीकडे खरोखर उपयोगी असं काय करता येईल?

बॅनरचे पैसे कुणीही देऊ शकतं. तुमच्याकडे तीन गोष्टी अशा आहेत ज्या बाकीच्यांकडे नसतात: उसनं देता येईल असं सामान, ते सामान दुरुस्त करणारे हात, आणि दर आठवड्याला डोंगरात जाणाऱ्या लोकांशी रोजचं बोलणं. मागणी या तिन्हींत बसत असेल तर हो म्हणा, नसेल तर सरळ नकार द्या. टीशर्ट तर नकोच. एका दिवसासाठी छापलेला कपडा स्वच्छतेच्या नावाखाली वाटण्यात काही अर्थ नाही.

स्वच्छता मोहिमेपासून सुरुवात करतो, कारण मागणी बहुतेक तिचीच येते आणि ती फसतेही सहज. कचरा गोळा करणं सोपं, उतरवणं अवघड, आणि उतरवल्यावर तो घेणार कोण हे आधी ठरलेलं नसेल तर सगळी पोती पायथ्याशी पडून राहतात. आठवड्याभरात जनावरं ती फाडतात. म्हणून तारीख जाहीर करण्याआधी दोन होकार हातात हवेत: जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी, आणि कचरा उचलणाऱ्या यंत्रणेने गाडी कुठे, किती वाजता उभी करायची याचा निरोप. हे दोन्ही मिळेपर्यंत सामानाचा शब्द देऊ नका.

तीस माणसं आणि तीन तासांचं काम असेल तर माझा हिशोब असा. हातमोजे 36 जोड, विणलेले आणि तळव्याला नायट्राइलचा (टिकाऊ कृत्रिम रबराचा) थर असलेले. दवाखान्यातले पातळ मोजे काचेला टिकत नाहीत. सगळे मोठ्या मापाचे आणू नका, निम्मे तरी लहान-मध्यम हवेत. सैल मोज्याने बाटलीचं झाकणसुद्धा उचलता येत नाही. चिमटे 12 ते 15, म्हणजे दोघांत एक. वापरलेली विणीची पोती 40. काळ्या कचरापिशव्या काट्यांत पहिल्या दहा मिनिटांत फाटतात. फुटलेल्या काचेसाठी झाकणाच्या तीन बादल्या. सुया आणि ब्लेडसाठी जाड प्लॅस्टिकचा, झाकण घट्ट बसणारा एक डबा. सुई दिसली तर डबा जमिनीवर ठेवायचा आणि चिमट्याने सुई त्यात टाकायची. दुसऱ्याने डबा हातात धरून उभं राहायचं नाही, टोचण्याचे प्रकार तिथेच होतात. पिण्याचं पाणी 60 लिटर, मोठ्या कॅनमध्ये, आणि बाटली ज्याची त्याने आणायची. कचरा वेचायला आलेल्यांना प्लॅस्टिकच्या बाटल्या वाटल्याचे फोटो अजूनही पाहायला मिळतात! प्रथमोपचाराच्या दोन पेट्या, 50 किलोचा एक ताणकाटा, आणि दर दहा जणांमागे वाट माहीत असलेला एक माणूस.

पोतं दोन तृतीयांशच भरायचं, नाहीतर तोंड बांधता येत नाही आणि उतारावर ते पायात येतं. एका माणसाने आठ-दहा किलोपेक्षा जास्त घेऊन उतरू नये. लोक हौसेने वीस किलो उचलतात आणि घसरतात.

काय उचलायचं नाही हेही आधी सांगावं लागतं. पडलेले ओंडके, वाळलेला पाला, पक्ष्यांची जुनी घरटी हा कचरा नाही. बाटली उचलली की आत किडे किंवा छोटे प्राणी अडकलेत का ते पाहून मग पोत्यात. कड्यावर पक्ष्यांची वीण चालू असेल तर त्या भागात जायचंच नाही, तारीख पुढे ढकलायची.

रोप लावून कड्यावरचा कचरा काढायचा असेल तर ते स्वयंसेवकांचं काम नव्हे. प्रशिक्षित तीन-चार जण, वेगळा दिवस, खाली माणसं नाहीत असा पट्टा. दुकानाने रोप आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे सुरक्षापट्टे) द्यावेत, पण ते पुन्हा भाड्याच्या साठ्यात कधीच मिसळू नयेत. काचेची कच आणि वाळू रोपच्या धाग्यांत शिरते, बाहेरून काही दिसत नाही आणि आतून झीज चालू राहते. या सामानाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा आणि वेगळी वही ठेवा.

किती कचरा निघाला हे फक्त किलोत सांगू नका. ओला कचरा दुप्पट वजनाचा भरतो, एका टायरने आकडा फुगतो. नग मोजा, प्रकारवार: वेष्टनं, बाटल्या, झाकणं, सिगारेटची थोटकं, कपडे, दोऱ्या. 1986 साली टेक्सासच्या किनाऱ्यावरून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छतेत पहिल्यापासून अशी नगवार नोंद होते, आणि त्या कामाचा खरा ऐवज ती नोंदच आहे. एकाच जागी वर्षातून दोनदा, त्याच 500 मीटर पट्ट्यात मोजलंत तर कचरा कुठून येतो ते कळतं. थोटकं वाहनतळापाशी आणि वेष्टनं माथ्यावर सापडत असतील तर फलक कुठे लावायचा हे वेगळं विचारावं लागत नाही. दहा जागी एकेकदा जाण्यापेक्षा एका जागी पाच वर्षं जा.

पायवाट दुरुस्ती हे जास्त उपयोगी आणि कमी फोटोजेनिक काम. वाट पायांनी झिजते, पण ती उखडतं पाणी. त्यामुळे सगळं काम पाण्याला वाटेवरून लवकर बाहेर काढण्याचं. वाटेची बाहेरची कड आतल्या बाजूपेक्षा साधारण 5 टक्के खाली हवी, म्हणजे एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर. वापराने मधला भाग दबतो, बाहेरच्या कडेला मातीचा बांध साचतो आणि पाणी वाटेच्या लांबीने धावतं. नवशिक्या गटाला एकच काम द्यायचं असेल तर हा बांध फावड्याने काढून माती उताराला पसरायला लावा. दगडाच्या पायऱ्या रचण्याची हौस तज्ज्ञ सोबत असेल तेव्हाच.

वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त झाला की पाणी आडवं उतरायच्या ऐवजी वाटच धरतं. अशा ठिकाणी आडवे ओंडके किंवा दगड घालतात, आणि चूक हमखास इथे होते: ते वाटेला काटकोनात बसवले जातात. मग मागे गाळ साचतो आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी वरून उडी मारून खाली खड्डा पाडतं. सुमारे 45 अंशांचा तिरपेपणा हवा, ओंडक्याचा दोन तृतीयांश भाग जमिनीत हवा, दोन्ही टोकं वाटेच्या बाहेर फूटभर तरी जायला हवीत, आणि खालच्या टोकाला फावड्याच्या रुंदीचा चर मोकळा हवा. दर पावसाळ्याआधी तो चर उपसला नाही तर दोन-तीन वर्षांत सगळं बुजतं. म्हणून बांधताना पुढच्या वर्षीची उपसायची तारीखही ठरवून टाका.

दहा जणांना तीन कुदळी, तीन फावडी, एक पहार, दंताळी एक-दोन आणि चार घमेली. सगळ्यांना कुदळ दिली तर माती उचलायला कुणी उरत नाही. काम करताना दोघांत तीन मीटर अंतर, आणि चालताना अवजार खांद्यावर नको, उताराच्या बाजूच्या हातात खाली धरायचं, म्हणजे घसरलं तर ते फेकून देता येतं. शॉर्टकट बंद करताना दोन्ही तोंडं दिसेनाशी करावी लागतात. एकच तोंड काट्यांनी झाकलं तर उतरणारे लोक दुसऱ्याने येतातच.

वाटेची झीज बुटांनी सुरू होते, आणि बूट तुम्ही विकता, म्हणून एक बारीकशी गोष्ट खास दुकानाची आहे. तळव्याच्या खाचांतल्या मातीतून परक्या तणांचं बी एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातं, आणि बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही ओल्या मातीतून पसरते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी कडक ब्रश आणि एक ट्रे ठेवा. क्रम महत्त्वाचा: आधी माती खरवडून काढायची, मग धुवायचं किंवा जंतुनाशक, मग पूर्ण वाळवायचं. चिखलावर मारलेलं जंतुनाशक आतपर्यंत पोचत नाही.

आता दुरुस्तीचं टेबल. माझ्या मते दुकानाचं सगळ्यात मोठं योगदान हेच. 2009 साली ॲमस्टरडॅमला पहिलं रिपेअर कॅफे भरलं तेव्हाची पद्धत अजून चालते: वस्तू घेऊन या, शेजारी बसा, दुरुस्त करताना बघा आणि हातही लावा. दोन टेबलं, दोन जाणकार, चार तास, तर वीसपेक्षा जास्त नग घेऊ नका आणि शेवटच्या तासात नवीन टोकन देऊ नका.

निम्म्या तक्रारी झिपच्या असतात. रनर (झिप ओढताना सरकतो तो तुकडा) पुढे गेल्यावर मागचे दात पुन्हा उघडत असतील तर लोक म्हणतात झिप गेली. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. आधी जुन्या टूथब्रशने पाण्यात धुवून वाळू काढा, कारण वाळूनेच तो झिजलेला असतो. मग रनरच्या मागच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच, आलटून पालटून दाबा. जोर लावला तर ओतीव धातू तडकतो. हा तात्पुरता इलाज आहे. पक्का इलाज नवा रनर, आणि त्यासाठी जुन्याच्या पाठीवरचा आकडा (3, 5, 8, 10) आणि दातांचा प्रकार जुळायला हवा. कॉइलचा, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याच्या दातांचा, रनर जाड प्लॅस्टिक दातांना चालत नाही. हे चार आकाराचे रनर दोन्ही प्रकारांत पन्नास-पन्नास असले की टेबल सहज चालतं.

टेंटच्या कापडाला ठिगळ लावताना ते फाटलेल्या भागापेक्षा चहूबाजूंनी अडीच सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल, जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेली. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडाला फक्त सिलिकॉनचाच गोंद धरतो, बाकी कुठलीही पट्टी दोन दिवसांत सुटते. गोंद रात्रभर सुकावा लागतो, म्हणजे वस्तू दुसऱ्या दिवशी मिळेल हे टोकनवरच लिहा. आतला थर चिकट झाला असेल आणि आंबूस वास येत असेल तर त्या थरातलं पॉलियुरेथेन (पाणी अडवणारं प्लॅस्टिक) ओलाव्याने विघटित झालंय; त्यावर उपाय नाही, वेळ घालवू नका. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बुटांचे तळवे भुगा होऊन गळतात तेही याच कारणाने. टेंटच्या पोलची आतली लवचीक दोरी बदलताना जुन्या दोरीचं माप घेऊ नका, ती ताणून लांब झालेली असते.

‘जॅकेट गळतंय’ म्हणणाऱ्यांना आधी धुवायला सांगा. बाहेरचं कापड मळलं की पाण्याचे थेंब घरंगळत नाहीत, कापड भिजतं आणि आत दमट वाटतं. द्रव साबणाने धुवून, दोनदा खळबळून, लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर हलक्या उष्णतेने वाळवलं की बऱ्याचदा पहिल्यासारखं होतं. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र कधीच नको.

टेबलावर एक पाटी ठळक असावी: हार्नेस, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास), रोप, हेल्मेट आणि कॅराबिनर (रोप अडकवायच्या धातूच्या कड्या) दुरुस्त केले जाणार नाहीत. ‘फक्त दोन टाके’सुद्धा घालायचे नाहीत. ते तपासून बाद करायचे. कापडी सुरक्षा-सामानाला बहुतेक उत्पादक न वापरताही जास्तीत जास्त 10 वर्षं देतात. बाद रोप कुणाला द्यायचा असेल तर आधी दीड-दोन मीटरचे तुकडे करा. अख्खा दिला तर कुणीतरी त्यावर लटकणारच.

उसनवारीबद्दल थोडक्यात: शाळेच्या सहलीला टेंट द्या, पण परत आल्यावर उघडून, वाळवून, खुंट्या मोजून मगच अनामत परत करा. ओला गुंडाळलेला टेंट दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. वृक्षारोपणाला मी सहसा नाहीच म्हणेन. पुढची दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार याचं उत्तर नसतं, आणि गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून तिथे झाडं लावली तर माळाचंच नुकसान होतं.

पैसे द्यायचेच असतील तर ‘नफ्याच्या अमुक टक्के’ असं जाहीर करू नका. नफा हिशोबात शून्यही दाखवता येतो आणि ग्राहकाला ते कळतं. चढाईचं सामान बनवणारे अमेरिकन गिर्यारोहक यव्हॉन शुइनार्ड आणि क्रेग मॅथ्यूज यांनी 2002 साली सुरू केलेल्या ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ (पर्यावरणासाठी देणाऱ्या व्यवसायांची संस्था) ने एक टक्का विक्रीवर धरला तो म्हणूनच. छोट्या दुकानाला विक्रीचा टक्का जड जात असेल तर एकाच वस्तूवरचा घ्या, पण विक्रीवरचा घ्या.

शुइनार्डचंच आणखी एक उदाहरण तुमच्या जास्त कामाचं आहे. त्यांची कंपनी पिटॉन, म्हणजे कड्याच्या भेगेत हातोडीने ठोकायचे लोखंडी खिळे, विकून उभी राहिली होती, आणि तेच पिटॉन ठोकून-काढून कड्यांच्या भेगा फुटत होत्या. 1972 च्या कॅटलॉगात त्यांनी स्वतःच्याच मालाविरुद्ध लिहिलं आणि हातोडीशिवाय बसणारे नट (भेगेत हाताने अडकवायचे धातूचे तुकडे) वापरा म्हणून सांगितलं. तुमच्या काउंटरवरून जाणाऱ्या वस्तूंपैकी डोंगरावर कचरा म्हणून काय सापडतं, ते नगवार यादीत शोधा. एकदाच वापरायचे रेनकोट, गॅसची रिकामी डबडी, स्वस्त खुंट्या असं काही निघेलच. डबडी परत घेण्याची पेटी दुकानात ठेवा, पण पूर्ण रिकामीच स्वीकारा, आणि भंगारवाला ती कशा अवस्थेत घेतो ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी भोक पाडल्याशिवाय घेत नाहीत, आणि भोक पाडताना उघडी हवा हवी, आसपास ज्वाळा नको.

पहिल्या वर्षी हे सगळं अंगावर घेऊ नका. दुरुस्तीच्या टेबलाला बाहेरची कुणाची परवानगी सहसा लागत नाही, जागा तुमचीच, माणसं तुमचीच. तिथून सुरू करा, आणि टोकन घेऊन रांगेत बसलेल्यांना पायवाटेच्या कामाला कोण येईल ते विचारा.