पद्मिनी घाटात का थांबते?

प्रश्न : माझी १९८४ची प्रीमियर पद्मिनी सकाळी एका चावीत सुरू होते. मे महिन्यात कसारा घाटात ट्रकांच्या रांगेत अडकली की मात्र आचके देऊन बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू लागते. कार्बोरेटर दोनदा साफ केला, फरक नाही.

उत्तर : कार्बोरेटरला आता हात लावू नका. पेट्रोल अडतंय की करंट, हे आधी ठरवा. ते गाडी बंद पडलेली असतानाच कळतं.

प्रथम पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर डिस्ट्रिब्यूटर कॅपमधली (प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या झाकणातली) मधली वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडीने इंजिनच्या ब्लॉकपासून ५-६ मिमीवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर कन्डेन्सर किंवा कॉइल तापून दगा देतेय. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचं (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचं) अंतर ०.४ ते ०.५ मिमी आहे ना, तेही बघा.

ठिणगी चांगली असेल तर एसी पंपावर (म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर) ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, तर पेट्रोलची वाफ होतेय. हा पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीमुळे नळीतला दाब घटतो, म्हणून पेट्रोल एरवीपेक्षा कमी तापमानालाच उकळतं. पंप आणि ब्लॉकमधला उष्णतारोधक तुकडा शाबूत हवा. मात्र एकावर दोन तुकडे चढवू नका: पंपाच्या दांडीची चाल कमी होऊन पेट्रोल कमी येतं.

टाकीकडच्या रबरी नळ्या सगळ्यात जास्त चकवतात. त्यांना बारीक चीर गेली की पंप हवा ओढतो, बाहेर मात्र थेंबही दिसत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे जुनं रबर आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) मऊ पडतात. दोन्ही इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवा.

प्रश्न : पद्मिनीचा हँड गिअर (स्टेअरिंगच्या खांबावरची गिअरची दांडी) पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अडकतो. गिअरबॉक्स उघडावा का?

उत्तर : नको. बॉनेट उघडून स्टेअरिंगच्या खांबाच्या खालच्या टोकाशी बघत राहा आणि कुणाला दांडी हलवायला लावा. सांधे खुळखुळत असतील तर त्यांतले बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) झिजलेत. सगळे एकदम बदला, मग न्यूट्रलमध्ये रॉड जुळवा. नीट जुळलेला हँड गिअर दोन बोटांनी पडतो. ते सुख जमिनीवरच्या गिअरला नाही! पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका.

प्रश्न : १९७०च्या फियाट ११००ला 'व्हीए' (व्हिंटेज गाडीचा) नंबर घ्यावा का?

उत्तर : ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तो मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सहज घाटात जायचं असेल तर नेहमीची नोंदणीच पुढे चालू ठेवा.