उंची 4 फूट 11 इंच आहे. कोणती सायकल घेऊ? दुकानदार म्हणतो, "कुठलीही घ्या, सीट खाली करून देतो."

त्या दुकानातून तडक बाहेर पडा. माझी उंचीही तुमच्याइतकीच आहे आणि हे वाक्य मी दुकानांपेक्षा घरात जास्त ऐकलंय.

दादाने त्याची जुनी हायब्रिड मला दिली, ती सीट पार तळाला बसवून. बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीला टेकले की सायकल मापाची झाली, हे त्याचं ठाम मत. कात्रजपर्यंत जाऊन आलं की माझी गुडघ्याची वाटी ठणकायची, तळहात बधिर व्हायचे, मान आखडायची. त्यावर उत्तर एकच: "तुला सवय नाही." सवयीचा काय संबंध? सीट इतकी खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि भार वाटीवर पडतो. हँडल तर लांबच राहतं. मोठ्या मापाचा कुर्ता खालून दुमडला म्हणून खांदे मापात येतात का?

शेवटी पाना मीच हातात घेतला. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर घेतली. थांबताना सीटवर बसून राहायचंच नसतं, पुढे उतरून दांडा दोन पायांत घेऊन उभं राहायचं. तेव्हा दांड्याच्या वर दोन बोटं तरी जागा उरली पाहिजे. दादाच्या सायकलचा दांडा उतरता होता म्हणून निभावलं. मग 100 मिमीचा स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा पुढचा तुकडा, काढून 60चा टाकला आणि ब्रेकच्या लिव्हरचा बारीक स्क्रू फिरवून लिव्हर बोटांच्या टप्प्यात आणला. मान मोकळी झाली. हँडलला हात पोचावा म्हणून सीट पुढे सरकवायची, हा दादाचा दुसरा उपाय. तो मुळीच करू नका. सीट पुढेमागे करायची ती गुडघ्याच्या हिशेबाने.

नवी घेताना चाक 26 किंवा 27.5 इंची बघा. लहान फ्रेमला 700सीचं, म्हणजे त्याहून मोठं, चाक असलं की वळताना चवडा पुढच्या चाकाला घासू शकतो. अमेरिकेत जॉर्जीना टेरी या इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये कंपनी काढली आणि बुटक्या बायकांसाठी पुढचं चाक 24 इंची, मागचं मोठं अशा सायकली विकल्या. म्हणजे दोष सायकलच्या मापात असतो, बाईच्या उंचीत नाही. दादा, हे तू वाचत असशील तर तुझ्यासाठीही आहे. क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, तोही 170 ऐवजी 160-165 मिमीचा मिळाला तर घ्याच.

एक राहिलं. जवळपास, सपाट रस्त्यावरच फिरायचं असेल तर मुलांची 24 इंचीही चालेल. फक्त तिचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, आखूड असतो. त्यावरची मर्यादेची खूण फ्रेमच्या नळीच्या बाहेर दिसेल इतका वर ओढू नका, त्याच जाडीचा लांब पोस्ट बसवून घ्या.