प्लॉट तारण ठेवण्याआधी ती वही उघडा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, अकरावीत ६८ टक्के. त्याला पायलट करायचं आम्ही ठरवलं आहे. घरात सगळे आत्तापासूनच ‘कॅप्टन’ म्हणतात. सर्व एअरलाइन्सच्या ऑर्डरींचं एक्सेल मी केलं आहे, सोबत जोडतो. इंडिगोत ए-३२० विमानाच्या वैमानिकांची गर्दी, म्हणून नंबर उशिरा लागेल. अकासाने २२६ बोइंग ७३७ मॅक्स मागवली आहेत, तिथे गर्दी कमी. तेव्हा सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) होताच स्वखर्चाने ७३७ चं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवण्याची पात्रता), चार वर्षांत कॅप्टन आणि तिशीच्या आत मोठं विमान, असा हिशोब आहे. बेसा इथला प्लॉट तारण ठेवून कर्ज काढतो आहे, शनिवारी व्हॅल्युएशन आहे. धाकटी आठवीत आहे. धाकट्या मुलीचं नंतर बघू. मुलगा दर रविवारी विमानतळाच्या भिंतीजवळ वही घेऊन बसतो, अभ्यास बुडतो. पानाचा फोटो पाठवतो. त्यालाही समजवा. हिशोब बरोबर आहे का?
एक पालक, मानेवाडा, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एक्सेल तीनदा. मेहनत दिसते. अकरा कॉलम, रंग भरलेले, एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाच्या ओळीपुढे लाल अक्षरात ‘टाळणे’. पण त्या अकरा कॉलमांत मुलगा कुठेच नाही, आणि पत्रातही जेमतेम आहे. बारावीला आहे, अडुसष्ट टक्के आहे, वही घेऊन बसतो, त्याला समजवा. ‘आम्ही ठरवलं आहे’ यातले आम्ही कोण, हे दोनदा वाचूनही मला कळलं नाही. त्याला काय हवं, असं एक वाक्य पत्रात नाही.

त्या ‘कॅप्टन’ हाकेबद्दल मला जास्त बोलायचं आहे. तुम्हाला ते लाडाचं वाटतं, समजू शकते. पण सतरा वर्षांच्या पोराला लग्नाच्या पंगतीत मावशी-मामा कॅप्टन म्हणून जिलबी वाढायला लागले, की उद्या त्याच्या मनात पाल चुकचुकली तर ती तो कुणाला सांगणार? वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर? माझ्यासमोर बसलेली अशी मुलं मी पाहिली आहेत. मार्कांवरून ती रडत नाहीत. ‘आता घरी काय तोंड दाखवू’ म्हणून रडतात. ती हाक आजपासून बंद करा. फुकटचं काम आहे आणि त्याला तारण लागत नाही.

‘धाकट्या मुलीचं नंतर बघू’ हे वाचून मात्र मी चष्मा काढून ठेवला. तुमच्याच पत्रात ती आठवीत आहे. वैमानिकाचं शिक्षण आणि त्यावर रेटिंग मिळून पाऊण कोटीच्या आसपास जातं. त्याचे हप्ते ऐन भरात असतील तेव्हा ती बारावीला असेल. म्हणजे ‘नंतर’ हा शब्द तिच्यासाठी कधी येणारच नाही. आणि मुलालाही हे कळतं, भाऊ. बहिणीच्या वाट्याचा प्लॉट डोक्यावर घेऊन तो उडायला शिकणार आणि एखाद्या चाचणीत घसरला तर तिच्याकडे बघूही शकणार नाही.

रस्ता तुम्हाला पाठ आहे, तो एका ओळीत संपवते: बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वैद्यकीय तपासणी, विमान वाहतूक नियामक डीजीसीएचे पेपर, २०० तासांचं उड्डाण, मग सीपीएल, शिकायला आपल्या शेजारी गोंदियात बिरसीची एनएफटीआय ही उड्डाणशाळा, तिकडे रायबरेलीजवळ इग्रुआ ही दुसरी, नाहीतर कंपन्यांचे कॅडेट कोर्स.

आता हिशोबाकडे येते. तुम्ही धरून चाललात, की ज्या कंपनीने जास्त विमानं मागवली तिथे कॅप्टन लवकर होतो. कॅप्टन ऑर्डरमुळे होत नाही, डावी सीट, म्हणजे कॅप्टनची जागा, रिकामी झाली की होतो. ती कधी रिकामी होते? विमान खरोखर ताफ्यात आल्यावर, डावीकडचा माणूस ६५ चा झाल्यावर, तो गल्फला निघून गेल्यावर, किंवा त्याच कंपनीत मोठ्या विमानाकडे सरकल्यावर. तोवर १५०० तास, कॅप्टनसाठी लागणारा एटीपीएल परवाना, सगळं खिशात असलं तरी सीनिऑरिटीच्या यादीत आपला नंबर येईपर्यंत सहवैमानिक म्हणून उजव्या सीटवरच बसायचं. तुमच्या एक्सेलमधली २२६ ही मागवलेली विमानं आहेत, आलेली नव्हेत. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचं दाराच्या जागी बसवलेलं पॅनेल हवेत निखळलं. कारखान्यात त्याचे बोल्ट लावायचेच राहिले होते. अमेरिकेच्या नियामकाने मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर बांधून टाकलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून बोइंगच्या कामगारांनी सात आठवड्यांहून जास्त संप केला. बोल्ट तिकडे सिएटलजवळ बोइंगच्या कारखान्यात राहिला आणि इकडे भरती झालेली पोरं विमानाची वाट बघत घरी बसली. त्याआधी हेच मॅक्स दोन अपघातांनंतर मार्च २०१९ पासून जमिनीवर होतं, भारतात ऑगस्ट २०२१ पर्यंत. यातलं काय तुमच्या एक्सेलला आधी दिसलं असतं?

ताफा कसा आहे यावर बढती अवलंबून असते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. फक्त तुम्ही विमानं मोजलीत, रांग कशी सरकते ते पाहिलं नाहीत. कंपनीकडे एकाच जातीची विमानं असली की प्रशिक्षण स्वस्त पडतं, कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो, पण रांग एकच असते आणि ती संपते तिथेच संपते. ताफा मिश्र असला की वरचा एक कॅप्टन मोठ्या विमानावर गेला तरी खाली तीन-चार जण सरकतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली. त्यात ४० ए-३५०, २० ड्रीमलायनर आणि १० ट्रिपल सेव्हन अशी मोठी विमानं होती, म्हणजे तिथे शिडीला वरच्या पायऱ्या आहेत. इंडिगोकडे कित्येक वर्षं ए-३२० ची भावंडं आणि एटीआर एवढंच होतं. मोठं विमान हवं असेल तर नोकरी सोडा. मग एप्रिल २०२४ मध्ये त्यांनीच ए-३५० मागवली. २०१६ साली कुणी तुमच्यासारखं एक्सेल केलं असतं, तर त्यात इंडिगोपुढे ‘मोठं विमान : नाही’ असंच लिहिलं असतं. मुलगा आज बारावीत आहे. तो उजव्या सीटवर बसेपर्यंत या आकड्यांची रद्दी झालेली असेल.

आणि त्या एटीआरपुढचं लाल ‘टाळणे’ आधी पुसा. पंख्याचं विमान म्हणून लोक नाक मुरडतात, संधी मिळताच जेटकडे पळतात, आणि म्हणूनच तिथे डावी सीट लवकर मिळू शकते.

नोकरीआधी रेटिंग हे तर मला अजिबात पटत नाही. रेटिंग म्हणजे लोणचं नव्हे, बरणीत मुरत ठेवायला. चालू ठेवायचं तर दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर चाचणी. वर्ध्याचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. २०१९ च्या शेवटी बाहेरून ए-३२० चं रेटिंग करून आला, मार्चमध्ये लॉकडाउन लागला. दोन वर्षं तो नोकरीशिवाय सिम्युलेटरचे पैसे भरत राहिला, मग हात टेकले. आज एका क्लासमध्ये एअर नेव्हिगेशन शिकवतो, चांगलं शिकवतो. त्याच्या वडिलांनीही विमानांच्या ऑर्डरी मोजल्या होत्या. कुठल्या विमानाचं रेटिंग हवं ते कंपनी भरती करताना तिच्या त्या वेळच्या गरजेनुसार ठरवते. पाच-सहा वर्षं आधी मानेवाड्यात बसून ते ठरत नाही.

आता वही. अभ्यास बुडवतो याचा पुरावा म्हणून तुम्ही पानाचा फोटो पाठवलात. मी तो मोठा करून पाहिला. तारीख, वेळ, नोंदणी क्रमांक आणि चौथ्या रकान्यात इंजिन कुठल्या कंपनीचं : ‘प्रॅट’ किंवा ‘सीएफएम’. व्हीटी-आय ने सुरू होणाऱ्या एका क्रमांकापुढे बारीक अक्षरात ‘ऑगस्टनंतर दिसलं नाही, इंजिन?’ भाऊ, तुमच्या अकरा कॉलमांत इंजिन नाही. त्याच्या चारांत आहे. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कंपनीचं म्हणणं हेच होतं : विमानं ठणठणीत उभी आहेत, त्यांची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं चालत नाहीत. त्या वैमानिकांकडे ए-३२० चं रेटिंग होतं, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचं दार तरी ठोठावता आलं. पण सीनिऑरिटी कुणी बरोबर नेऊ शकत नाही, नव्या जागी पुन्हा शेपटीला. ताफ्याची निवड वैमानिकाच्या आयुष्याला कशी भिडते, हे तुमच्या मुलाला भिंतीजवळ बसून उमगायला लागलं आहे. तो अभ्यासच करतो आहे, फक्त तुम्हाला हव्या त्या पुस्तकातून नाही.

पण त्या पानावरून तो पायलट व्हायला निघालाय असंही मी म्हणणार नाही. विमानाचा नाद आणि विमान उडवण्याची ओढ ही सख्खी भावंडं नव्हेत, चुलत आहेत. ज्याला पहिला प्रश्न इंजिनाचा पडतो, त्याचा हात कदाचित पाना धरायला शिवशिवत असेल. तसं असेल तर त्याला गाव सोडायचीही गरज नाही. एअर इंडियाने २००५-०६ मध्ये बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचं ठरवलं, त्या सौद्यातच बोइंगने नागपुरात दुरुस्ती केंद्र उभारायचं कबूल केलं. मिहान प्रकल्पातलं ते केंद्र २०१५ पासून चालू आहे. कुठल्याशा कंपनीने कुठली विमानं घेतली म्हणून वर्धा रोडच्या पलीकडे हँगर उभं राहिलं, हेही ताफ्याच्या निवडीचंच फळ, आणि त्यात फक्त कॉकपिटमधल्यांचाच वाटा नाही. विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याची वाट वेगळी, लांबची आणि कष्टाची आहे, पण तिच्यासाठी बेशाचा प्लॉट लागत नाही. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. केलं तर विमान वाहतूक नियंत्रकाची भरती आहे. हे मी ठरवत नाही. ही नावं त्याच्या कानावर पडू द्या, एवढंच.

आधी त्याची क्लास टू मेडिकल, म्हणजे वैमानिक होणाऱ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी, करून घ्या. रंगांधळेपणा, कान, हृदय, जे काही असेल ते काही हजारांत कळतं. पाऊण कोटी घातल्यावर कळण्यापेक्षा बरं. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला बिरसीला घेऊन जा, शिकणाऱ्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या. तुम्ही बाहेर चहा प्या. परत येताना गाडीत विचारू नका, तो आपणहून बोलेल. नाहीच बोलला तर तेही मला कळवा. येत्या रविवारी भिंतीजवळ तुम्हीही जाऊन बसा, मुलीलाही न्या, आणि ते ऑगस्टनंतर न दिसलेलं विमान परत आलं का ते त्याला विचारा. पुढचं पत्र त्याने स्वतः लिहिलं तर मला आवडेल, शुद्धलेखन कसंही चालेल.

आणि शनिवारी व्हॅल्युएशनला येणाऱ्या माणसाला आजच फोन करून सांगा, तूर्त येऊ नका.