अंकोरवाटला वही घेऊन जातेस तर

पोरी, पहिल्याच दिवशी पाचही शिखरं काढायला बसू नको. कंबोडियातल्या या मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. पहाटे सूर्य मागून येतो, तेव्हा नुसती काळी बाह्यरेषा घे. दगडावरचं काम दुपार कलल्यावर उजळतं. आपल्याकडे मे महिन्यात वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा थर, कागदाला टेकला की वाळतो, तिथल्या दमट हवेत तो ओलाच राहतो. मी घाईत दुसरा रंग टाकला अन् अख्ख्या पानाचा पावसाळ्यातला पांदण रस्ता झाला.

पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा पट आहे, सुमारे ४९ मीटर लांब. सगळा काढायचा नाद सोड. एखाद्या असुराची मूठ काढ, नागाच्या अंगावर आवळलेली. माझा तेवढ्यातच पाऊण तास गेला.

बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलेलं हे मंदिर पुढे बौद्धांचं झालं. पश्चिम दारातल्या अष्टभुज विष्णूपुढे मात्र आजही उदबत्त्या जळतात. तिथे एक म्हातारी हात जोडून बसली होती, अन् मला मार्कंड्याला वैनगंगेकाठी तशीच बसणारी माझी आजी आठवली. देवाचं नाव विचारावं वाटलं, पण विचारलं नाही. पेन्सिल खाली ठेवली. पूजेतल्या माणसाचा चेहरा काढू नये, असं आपलं माझं मत. पाठमोरी आकृती चालते, तीही नंतर, आठवणीतून.

पानामागे दोन ओळी लिहीत जा. ‘शांत वाटलं’ एवढंच नको बाप्पा, ते सगळेच लिहितात. कोण आठवलं, ते लिही. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घे. खोडरबर घरीच राहू दे.