यंदा फॉर्म भरू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. बाळ सहा आठवड्यांचं झालं, तपासणीला डॉक्टर "सगळं छान आहे" म्हणाल्या, मग आता सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरू का, असं विचारलंयस. चार महिन्यांत तयारी होईल, हा तुझा हिशोब.

यंदा फॉर्म भरू नकोस. यवतेश्वरचा घाट आणि २१ किलोमीटर, एवढं तुझ्या शरीराकडून इतक्या लवकर मागू नकोस.

"सगळं छान आहे" याचा अर्थ टाके भरून आले, गर्भाशय आकसलं, आता व्यायामाला सुरुवात करायला हरकत नाही, इतकाच. तुझं सिझर झालंय. वरची त्वचा मिटली तरी आतल्या थरांना पूर्वीची ताकद यायला कित्येक महिने लागतात. आपल्याकडे लेकीला तीन महिने माहेराहून हलू द्यायचे नाहीत. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर पळण्याबद्दल मार्गदर्शन लिहिलं, त्यातही किमान तीन महिने थांबा असंच आहे. तेही त्रास काही नसेल तर.

हे एवढं ठासून का सांगते? दुसऱ्या बाळंतपणानंतर मी दोन महिन्यांतच पळायला लागले होते. तिसऱ्या दिवशी उतारावर लघवी सुटली. घरी येऊन ट्रॅकपँट गुपचूप धुतली, कुणाला काही बोलले नाही. त्यानंतर फक्त काळ्या पँटी घेतल्या, आणि पळायला जायच्या आधी पाणी प्यायचं बंद केलं. एकदा धीर करून दवाखान्यात विचारलं, तर "दोन बाळंतपणांनंतर हे असं होणारच" म्हणून परत पाठवलं. नीट व्यायाम केल्यावर यात खूप फरक पडतो, हे कळायला मला चार वर्षं लागली. तुझी तेवढी जाऊ नयेत.

म्हणून सुरुवात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंपासून. सिझर झालं म्हणून ते सुटले असं नाही, नऊ महिने भार त्यांनीच पेललाय. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखून धरल्यासारखं आत-वर ओढायचं. श्वास चालू ठेवायचा. मांड्या आणि कुल्ले आवळायचे नाहीत. आधी तीन-चार सेकंदच जमेल, हळूहळू दहापर्यंत ने. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं, नुसतं आवळत राहिलं तर ते स्नायू दुखायला लागतात. बाळाला पाजायला बसलीस की करायचं, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव मात्र करू नकोस.

मग पोट. उताणी झोप, गुडघे वाकव, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेव आणि डोकं थोडंसं उचल. मधल्या रेषेत दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील, किंवा तिथे तंबूसारखा उंचवटा येत असेल, तर पोटाचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. मग सिट-अप्स आणि प्लँक सध्या नकोत. आईने पोट बांधायला पट्टा दिला असेल, तर हलका आधार म्हणून ठीक; करकचून आवळलास तर दाब खाली, त्याच थकलेल्या स्नायूंवर जातो. मालिशवाल्या बाईंना टाक्यांवर हात चालवू देऊ नकोस.

पाण्याची भरलेली बादली सध्या दुसऱ्या कुणाला तरी उचलू दे. बाळाला पाळण्यातून घेताना श्वास सोडत, खालून आत-वर ओढत उचल. यालाही व्यायामच समज.

चालणं आजपासून कर, दहा मिनिटं. चार दिवसांनी पंधरा. तीन महिने उलटल्यावर तीस मिनिटं भरभर चालता आलं, एका पायावर दहा सेकंद तोल राहिला, जागच्या जागी मिनिटभर पळता आलं, प्रत्येक पायावर दहा उड्या मारता आल्या, आणि यात कुठे गळणं, दुखणं किंवा खाली जडपणा नसला, तर एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं सुरू करू. सानिया मिर्झाचा मुलगा २०१८ च्या ऑक्टोबरात झाला आणि ती स्पर्धेत उतरली २०२० च्या जानेवारीत. तिच्या दिमतीला तर सगळी तज्ज्ञ मंडळी होती.

दुधाची काळजी नको, बेताच्या व्यायामाने ते आटत नाही. पाजून निघालीस की छातीचा जडपणाही कमी होतो. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, मध्येच सोडू नकोस. आणि झोप झाली नसेल त्या दिवशी व्यायामाला सुट्टी, खरंच सुट्टी.

थांबलेलं अंगावरून जाणं पुन्हा वाढलं, पोटरी एका बाजूला सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, डोकं ठणकून नजर अंधुक झाली, तर मला मेसेज करत बसू नकोस, तडक डॉक्टरकडे जा. खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं तरी डॉक्टरांना दाखव, अंग बाहेर येण्याची ती सुरुवात असू शकते.

आज बाळ झोपलं की ते बोटांचं करून बघ. किती बोटं जातात आणि खोकल्यावर काय होतं, दोन्ही मला लिही. खोकल्याचं लिहायला अवघड वाटेल. तरी लिही.

तुझी,
ताई