वाचकांचे प्रश्न : बिझी बिट उतरत नाही

प्रश्न : एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरला आय-टू-सी बसवर (दोन तारांची डेटावाहिनी) एक ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा जपणारी मेमरी चिप) जोडले आहे. वॉचडॉगमुळे (प्रोग्राम अडकल्यास रीसेट देणारा टायमर) रीसेट झाल्यावर कधी कधी एसआर२ रजिस्टरमधला बिझी बिट (बस व्यस्त असल्याची खूण) १ वरच अडकतो. सीआर१ मधला एसडब्ल्यूआरएसटी (सॉफ्टवेअर रीसेट) बिट सेट-क्लिअर करूनही उपयोग होत नाही. वीज बंद-चालू केली की मात्र बस सुरळीत चालते. शिवाय, प्रोग्रामच्या सुरुवातीला डीबगरमध्ये आय-टू-सी कंट्रोलरची सगळी रजिस्टरे शून्यच का दिसतात?
— एक वाचक, चाकण

उत्तर : वीज घालवल्यावर बस सुटते, यावरून दोष बहुधा कंट्रोलरमध्ये नसून पलीकडच्या टोकाला आहे, असे दिसते. वॉचडॉगने मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, ईईप्रॉम होत नाही. वाचन चालू असताना नेमका तेव्हा रीसेट आला, तर ईईप्रॉम एसडीए या डेटा लाइनवर ० धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहत राहते. लाइन खाली दिसली की हार्डवेअर बिझी बिट सेट करते. त्यामुळे एसडब्ल्यूआरएसटी कितीही वेळा दिला तरी बिझी बिट लगेच परत सेट होतो.

उपाय असा. पीई बिट (आय-टू-सी कंट्रोलर चालू करणारा) क्लिअर करून पीबी६ (एससीएल, म्हणजे क्लॉक लाइन) व पीबी७ (एसडीए) या पिना ओपन-ड्रेन (लाइन फक्त खाली ओढू शकणाऱ्या) आउटपुट कराव्यात, एसडीए मोकळी सोडावी आणि एससीएलवर जास्तीत जास्त ९ पल्स द्यावेत. आठ डेटा बिट आणि एक अॅकनॉलेजचा, म्हणून नऊ. पण डोळे झाकून नऊ देऊ नयेत, प्रत्येक पल्सनंतर एसडीए वाचावी. ती वर आली की स्टॉप (व्यवहार संपल्याचा संकेत) द्यावा आणि दोन्ही लाइन वर आहेत ना, हे पुन्हा तपासावे, कारण वर आलेली लाइन म्हणजे डेटातला नुसता १ असू शकतो आणि पुढचा बिट ० निघाला तर स्टॉप उमटतच नाही.

यानंतरच एसडब्ल्यूआरएसटी, किंवा आरसीसीच्या (रीसेट व क्लॉक नियंत्रण विभाग) एपीबी१आरएसटीआर रजिस्टरमधला २१ वा बिट, सेट करून क्लिअर करावा. मग पिना अल्टरनेट फंक्शन (म्हणजे आय-टू-सी कंट्रोलरच्या ताब्यातल्या) ओपन-ड्रेनवर आणून, पीई ० असतानाच, वेळेची रजिस्टरे नव्याने भरावीत : ३६ मेगाहर्ट्झच्या एपीबी१ (आय-टू-सी कंट्रोलर जिला जोडलेला असतो ती चिपमधली बस) वर १०० किलोहर्ट्झसाठी सीआर२ मध्ये ३६, सीसीआरमध्ये १८० आणि ट्राइजमध्ये ३७. ही भरायची राहून जाणे फार सर्रास घडते.

मीटरवर दोन्ही लाइन वर दिसत असूनही बिझी १ च असेल, तर प्रकरण निराळे आहे. या चिपच्या इराटामध्ये (उत्पादकाने दिलेली दोषांची यादी) अॅनालॉग फिल्टरमुळे बिझी बिट अडकत असल्याची नोंद आहे. तिथे पिना आउटपुट म्हणून खाली-वर करून मग एसडब्ल्यूआरएसटी द्यावा लागतो.

शून्यांचे कारण साधे आहे : एपीबी१ईएनआरमधला २१ वा बिट सेट होईपर्यंत आय-टू-सी१ ला क्लॉकच मिळत नाही, आणि क्लॉक नसलेल्या पेरिफेरलची रजिस्टरे शून्यच वाचली जातात. तेव्हा हा बिट आधी सेट करावा आणि बस सोडवण्याचे वरील फंक्शन प्रत्येक बूटला, पीई सेट करण्यापूर्वी, चालवावे.